श्रोता क्रमांक अठ्ठ्याऐंशी

२ मार्च, सोमवार

ही वही खरं तर भेट देणाऱ्यांची नोंदवही. दिनांक, नाव, येण्याचं कारण, सही असे चार रकाने. आता ग्रंथालयाच्या दारात माणसं मोजणारं यंत्र बसलंय, त्यामुळे कोऱ्या वह्या रद्दीत निघाल्या. जुनी पुस्तकं बांधणाऱ्या आमच्या बाइंडरने पुठ्ठ्यासाठी चार उचलल्या, मी एक घरी आणली. एकतीस वर्षं ग्रंथपाल आहे. कोरा कागद रद्दीत गेलेला बघवत नाही.

यंत्र माणसाला आत येताना मोजतं आणि बाहेर जातानाही. बाइंडर सिगारेट ओढायला दिवसातून नऊ वेळा बाहेर जातो, म्हणून आज आमच्याकडे बरी गर्दी दिसली. मुख्य कार्यालयाने आमच्या शाखेवर लक्ष ठेवायला एक बाई नेमल्यात, त्यांना मी हे सांगितलं नाही. आकड्यांशिवाय त्या बोलत नाहीत, म्हणून बाइंडरने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव आकडेबाई ठेवलं.

"लोक ग्रंथालयाकडे येत नसतील, सर, तर ग्रंथालयाने लोकांकडे जायचं," त्या म्हणाल्या. म्हणणं बरोबर आहे. फक्त माझ्या गुडघ्यांना आधी विचारायला हवं होतं.

योजना अशी: एका नंबरावर फोन लावायचा आणि पुस्तकाचा एक भाग ऐकायचा. ज्यांना जिने चढवत नाहीत, ज्यांचे डोळे गेले, ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी. मेअखेर दोनशे श्रोते झाले तर सेवा चालू. नाही झाले तर बंद, आणि माझी बदली गोदामात, बाद पुस्तकांवर शिक्के मारायला. वाचणार कोण? शाखेत माणसं दोन. बाइंडर खोकतो. उरलो मी.

घरी आल्यावर हिने विचारलं, "कसा गेला दिवस?" म्हटलं, "दमलोय." मग जेवलो.

५ मार्च, गुरुवार

वाचायला एक जुनी कादंबरी काढली. मुखपृष्ठ गेलंय, नावाचं पानही गेलंय, दाखल क्रमांकाचा तेवढा शिक्का शाबूत आहे. दीपगृहात राहणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. बाइंडर म्हणाला, "बिननावाची आहे, कुणी नावं ठेवणार नाही."

मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून वाचन केलं. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर घरची रजई लावली. सकाळी रजई मागितली तेव्हा हिने विचारलं, "कशाला?" म्हटलं, "कामाला." आणखी काय सांगणार? सगळं सांगत बसलो असतो तर बस चुकली असती.

रेकॉर्डिंगचं यंत्र सुरू झालं. मग आपोआप बोलून गेलो, "नमस्कार. घाई नाही. बसा आरामात. पाय वर घ्या. मी वाचतो, तुम्ही ऐका." कुठून सुचलं कोण जाणे. आकडेबाईंना आवडलं. म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज असा आहे हे माहीतच नव्हतं." मलाही नव्हतं.

११ मार्च, बुधवार

दिवसभर पत्रकं वाटली. दवाखाना, लाँड्री, केशकर्तनालय, बसथांब्यामागच्या तीन इमारती. पत्रकातली अक्षरं मोठी हवीत यावर मी अडून बसलो होतो. ज्याला दिसत नाही त्यालाच बारीक अक्षरात बोलावण्यात काय अर्थ? चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी दार उघडून सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही." खाली उतरताना मला हसू आलं, मग गुडघा आठवला.

एक पत्रक शर्टाच्या खिशात उरलं होतं. घरी आल्यावर सापडेना. हिने धुण्यात घातलं असणार.

जेवताना हिने औषधाची बाटली पुढे केली. "किती चमचे लिहिलेत बघा हो." चष्मा कुठेतरी टाकायचा आणि मला कामाला लावायचं, ही हिची नवीन सवय. "दोन," म्हटलं.

२३ मार्च, सोमवार

एकेचाळीस श्रोते.

आकडेबाई म्हणाल्या, सुरुवातीचं 'घाई नाही, बसा' यात अकरा सेकंद जातात आणि काही लोक तिथेच फोन ठेवतात. सातव्या भागापासून ते काढून टाकलं. आता 'भाग सात' म्हणायचं आणि सुरू करायचं. वाईट वाटलं, पण त्यांच्याकडे आलेख होता. आलेखापुढे शहाणपण चालत नाही.

बाइंडर आज माझ्या पायांकडे बघून हसत होता. नव्या पॅंटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड. हिने शिवलीय. दुकानाची कामं घेऊन घरी मशीन चालवणारी बाई, बावीस वर्षं कुणाची एक तक्रार नाही, आणि नवऱ्याच्या पॅंटचे दोन पाय दोन मतांचे! घरी येऊन बोललो. "उसवून देते," म्हणाली. मग म्हणाली, "दुकानाचं काम सोडलंय मी. कंटाळा आला." नशीबवान. आम्हाला कंटाळा आला तरी सोडता येत नाही.

६ एप्रिल, सोमवार

अठ्ठ्याण्णव श्रोते. दोनशे म्हणजे दिल्ली बहुत दूर.

आकडेबाईंनी छापील यादी आणली. यादीत कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही. नुसता श्रोता क्रमांक, वेळ आणि मिनिटं. हे मीच आधी बजावलं होतं. कोण काय वाचतं हे ग्रंथपालाच्या पोटात राहायला हवं. एकतीस वर्षांत मी बायकोला नवऱ्याचं पुस्तक सांगितलं नाही आणि पोलिसाला चोराचं.

यादीत एक विचित्र श्रोता आहे, क्रमांक अठ्ठ्याऐंशी. रोज दुपारी सव्वादोनच्या सुमाराला फोन लावतो. आधी नवा भाग पूर्ण ऐकतो. मग भाग एक लावतो, जेमतेम अर्धं मिनिट ऐकतो आणि ठेवतो. पुन्हा लावतो, पुन्हा अर्धं मिनिट. एकदा तर सलग सहा वेळा. बटणं कळत नसावीत बिचाऱ्याला.

१५ एप्रिल, बुधवार

आज चौदावा भाग गेला. त्यात धाकटी बहीण दीपगृह सोडून होडीत बसून निघून जाते. वाचताना दोनदा थांबावं लागलं. बाइंडर दारात उभा होता, खोकला दाबून.

संध्याकाळी जेवताना ही एकदम म्हणाली, "धाकटीने त्या होडीत बसायला नको होतं."

"कुठल्या धाकटीने?"

"असंच. जुनं काहीतरी वाचलेलं आठवलं."

म्हणजे कधीकाळी मीच हे पुस्तक हिला घरी आणून दिलं असणार. पूर्वी आठवड्याला दोन पुस्तकं लागायची हिला. नवीन लग्न झालं तेव्हा ही मशीन चालवायची आणि मी शेजारी बसून वाचून दाखवायचो. चाकाचा आवाज यायला लागला की मी आवाज चढवायचो. हल्ली पुस्तक आणू का विचारलं तर "नको" म्हणते. माणसाची आवड बदलते. तरी स्मरणशक्ती मानली पाहिजे, इतक्या वर्षांनी होडी लक्षात आहे.

विचारणार होतो, आणखी काय आठवतं. पण डोळे मिटत होते.

२२ एप्रिल, बुधवार

फार वाईट दिवस.

मुख्य कार्यालयाने आकडे तपासले. एकशे सव्वीस श्रोते, पण आलेल्या फोनांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त एकट्या अठ्ठ्याऐंशीचे. माणूस असं ऐकत नाही, म्हणे. एक तर यंत्राचा बिघाड आहे, नाही तर कुणीतरी मुद्दाम आकडा फुगवतंय. आकडेबाई बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. "सर, हे तुमच्याकडून तर होत नाहीये ना?"

एकतीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. "नाही," म्हणालो.

त्यांनी एक बंद पाकीट पुढे केलं. आत अठ्ठ्याऐंशीचा फोन नंबर आणि चौकशीचा एक फॉर्म. मी स्वतः फोन करायचा, पलीकडे खरा माणूस आहे याची खात्री करायची आणि फॉर्म भरून पाठवायचा. नाही तर नंबर वगळायचा.

"वाचकाचा नंबर मी बघणार नाही," म्हणालो. "वगळायचा तर वगळा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तिथल्या तिथे फोन करून अठ्ठ्याऐंशी बंद करायला सांगितलं. पाकीट माझ्या खणात राहिलं. तत्त्व राखलं, तरी दिवसभर काहीतरी खुपत होतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

घरी आल्या आल्या हिने तिचा फोन पुढे केला. "लागत नाहीये हो. बघता का जरा?"

मी माझ्या फोनवर लावून पाहिला. वाजला. "चालू आहे की. कुणाला लावत होतीस?"

"कुणाला नाही," म्हणाली. "असू दे."

आज भाजीत मीठ नव्हतं. मी बोललो नाही, तिच्याही लक्षात आलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

दुपारी सव्वादोनला यादी उघडून बघायची सवय लागली होती. आता तिथे काही नाही. आज वाचताना दोनदा चुकलो. इतके दिवस मी नक्की कुणासाठी वाचत होतो, कळेना.

ही बसून असते. मशीनवर कापड टाकलंय. मुलीचा रविवारी फोन आला होता तेव्हा आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बोलत होती. नंतर मुलीने मला फोनवर बोलावलं आणि म्हणाली, "बाबा, जरा आईकडे लक्ष द्या." म्हटलं, "देतोय की. घरीच असतो मी." "घरी असता हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आजकालच्या मुलांना धड वाक्य पूर्ण करता येत नाही.

४ मे, सोमवार

बाइंडरने आज मला झापलं. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, त्याला अधिकार आहे.

सुटलेली पानं शिवत बसला होता. मी पाकिटाची गोष्ट सांगितली. सुई तशीच हातात धरून म्हणाला, "तुमचं तत्त्व ठीक आहे हो साहेब. पण समजा माणूस असला तर?"

"तर काय?"

"तर एक माणूस रोज दुपारी जेवून-खाऊन फोन लावत होता. तुम्ही त्याच्या तोंडावर दार लावलंत, आणि वर म्हणताय की मी त्याची इभ्रत राखली." त्याने दोरा दाताने तोडला. "अख्ख्या गावाला पत्रकं वाटलीत. उद्या कळेल, दिव्याखालीच अंधार."

"दिव्याखाली म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. म्हण आठवली, म्हणालो."

उद्या पाकीट उघडणार.

५ मे, मंगळवार

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

अकरा वाजता मागच्या खोलीत गेलो. पाकीट फोडलं. नंबर वाचला. शेवटी दोन शून्यं, कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. वीज कार्यालयाचा असेल, म्हटलं. हल्ली पाठ कुठे असतात नंबर? नावावर बोट ठेवलं की लागतो. कार्यालयाच्या फोनवरून एकेक आकडा दाबला.

उचलला. मी समोरच्याला बोलूच दिलं नाही. घडाघडा म्हणून टाकलं, "नमस्कार, ग्रंथालयातून बोलतोय. फोनवरच्या वाचनाबद्दल पाच प्रश्न विचारायचे आहेत. माहिती गोपनीय राहील. नाव सांगायची गरज नाही."

पलीकडून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ मी ओळखतो. एक ठोका अडखळतो त्याचा. दुरुस्त करायचं म्हणून गेली दोन वर्षं बोलतोय.

मग ती म्हणाली, "विचारा."

रजईच्या टोकाला धरून गठ्ठ्यावर बसलो. 'अगं, तू?' असं म्हणायचं होतं. पण तिने 'विचारा' म्हटलं होतं, आणि फॉर्म माझ्या हातात होता.

"प्रश्न पहिला. या सेवेबद्दल कुठून कळलं?"

"खिशात एक पत्रक मिळालं. धुवायच्या शर्टाच्या. अक्षरं मोठी होती, म्हणून वाचता आलं."

"दुसरा. स्वतः पुस्तक वाचत नसाल तर कारण. वेळ नाही, डोळे, अक्षरओळख नाही, इतर."

"डोळे." मग म्हणाली, "मधोमध काळा डाग दिसतो. कडेचं दिसतं. सुईत दोरा जात नाही. वर्ष होत आलं."

मी डोळे या शब्दापुढे खूण केली. खूण चौकटीबाहेर गेली.

पुढचं फॉर्मवर नव्हतं. "घरी कुणाला सांगितलंत?"

"मुलीला सांगितलं. आठवडा झाला."

"आणि... घरच्यांना?"

"सांगणार होते. रोजच सांगणार होते. पण ते दमून येतात हो. आल्या आल्या म्हणतात, दमलोय. मग कुठे आणखी त्यांच्या डोक्याला ताप."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की फोन कानापासून लांब धरला. मग वाटलं ती ठेवून देईल, आणि पुन्हा घट्ट धरला.

"तिसरा. भाग एक पुन्हापुन्हा का ऐकता?" हेही फॉर्मवर नव्हतं.

"त्यात सुरुवातीला बोलतात ना. घाई नाही, बसा, पाय वर घ्या. ते पूर्वी मला म्हणायचे तसं. मशीनवरून उठवायला. नंतरच्या भागांत काढून टाकलं." तिचा आवाज जरा हलला. "आता फोनच लागत नाही. बंद केलं का?"

"चुकून झालं," म्हणालो. "माझ्याकडून."

"असू दे."

"शेवटचा प्रश्न. वाचणाऱ्यासाठी काही सूचना?"

घड्याळ अडखळलं, पुन्हा चालू लागलं.

"आवाज दमलेला असला तरी चालेल म्हणावं," ती म्हणाली. "मी ऐकेन."

'धन्यवाद' म्हणून ठेवायचं, असं फॉर्मवर खाली छापलंय. मला ते जमलं नाही. आम्ही दोघंही फोन धरून राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "भात लावायचाय," आणि ठेवला.

बाहेर आलो तर बाइंडर वाट बघत उभा. "माणूस आहे ना?"

"आहे."

"कोण?"

"सांगता येत नाही. नियम आहे."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला. फॉर्मवर 'खात्री केली, व्यक्ती आहे' असं लिहून आकडेबाईंना पाठवला. नावाचा रकाना कोरा ठेवला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बसमध्ये उभ्याने आलो, बसायला जागा होती तरी.

दार तिनेच उघडलं. "लवकर आलात," म्हणाली. मी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. ती माझ्याकडे बघताना मान जराशी तिरकी करते. कधीपासून करते, मला माहीत नाही.

१२ मे, मंगळवार

डोळ्यांचे डॉक्टर. दोन तास रांगेत. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते राखता येईल, दर महिन्याला इंजेक्शन. "आधी का आला नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं. ही म्हणाली, "वेळ मिळाला नाही." खोटं बोलली, माझ्यासाठी. मी खाली बघत राहिलो. माझ्या पॅंटचा आखूड पाय दिसत होता. तो तसाच ठेवणार आहे.

३० मे, शनिवार

एकशे त्र्याहत्तर श्रोते. सत्तावीस कमी पडले.

अठ्ठ्याऐंशी पुन्हा सुरू करून मिळाला होता, पण त्याने काय होतंय, श्रोता तो एकच. आकडेबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, सेवा आजपासून बंद. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी वर भांडून पाहिलं असं बाइंडर म्हणतो. जाताना म्हणाल्या, "सर, तुमचं खरं होतं. ते अकरा सेकंद काढायला नको होते." बाई वाईट नाहीत. पंधरा तारखेपासून मी गोदामात.

दीपगृहाच्या गोष्टीची सहा प्रकरणं राहिली. एकशे बहात्तर लोकांना शेवट कळणार नाही. त्यातल्या जमतील तेवढ्यांना बाइंडर आणि मी फोन करून विचारणार आहोत, एखादं पुस्तक घरी आणून देऊ का, वाचणारं कुणी आहे का घरात. नंबर बघावे लागतील. बघू.

१ जून, सोमवार

दाखल क्रमांकाच्या शिक्क्याचं ते पुस्तक माझ्या नावावर काढून घरी आणलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा देवघेवीच्या टेबलाच्या वाचकांकडच्या बाजूला उभा राहिलो. बाइंडरने परतीच्या तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाला, "उशीर करू नका."

संध्याकाळी ही खिडकीपाशी बसली होती. दिवे लागायचे होते. मी खुर्ची ओढली. फार दमलो होतो, श्रोत्यांना पुस्तकं पोचवत दिवसभर अकरा घरं झाली, गुडघा बोलत होता. तिने विचारलं, "दमलात?"

"हो," म्हटलं. "खूप. तुला सांगतो सगळं, पण आधी हे. घाई नाही. बस आरामात. पाय वर घे."

तिने पाय वर घेतले. मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिली.

पंचविसावं प्रकरण सुरू केलं. अर्ध्यावर आलो तर तिला झोप लागली होती. मी थांबलो नाही. प्रकरण संपेपर्यंत वाचलं, जरा हळू आवाजात.